अण्णांच्या हिरड्या

अण्णा, तुमच्या तोंडातून रक्त आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते मागील दारी, विहिरीच्या कडेला. मी तेव्हा मराठी चौथीत असेन. तुम्ही रोजच्यासारखी आंब्याच्या पानाची सुरळी करून दात घासत होता आणि मी रहाटाजवळ माझी घागर भरायची वाट पाहत उभी होते. तुम्ही चूळ टाकलीत आणि जांभ्या दगडावरून लालसर पाणी वाहत अळवाच्या मुळाशी गेलं. जांभा मुळातच तांबडा, त्यामुळे मला आधी वाटलं की दगडाचाच रंग सुटला. मग तुमच्या ओठाच्या कोपऱ्यातही तो दिसला. मी विचारलं तर म्हणालात, काही नाही, उष्णता आहे, दुखत नाही. आईनेही तेच मानलं. तिने त्या दिवसापासून तुम्हाला सब्जाचं पाणी द्यायला सुरुवात केली, आमसुलाचं सार वाढवलं, कुळथाचं पिठलं कमी केलं. दुखत नाही म्हटल्यावर पुढे विचारायचं तरी काय? आपल्या घरात दुखण्याला मान होता. जे दुखत नसे, त्याला आजार म्हणायची रीतच नव्हती.

आज मी तुमच्या त्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे आणि तरी तुम्हाला लिहायला बसले की हात आपोआप सरळ रेषेत चालतो. तुमच्यापुढे अक्षर वाकडं काढायची सोय नव्हती, आणि उच्चार वाकडा काढायची तर त्याहून नव्हती. रत्नागिरीत मराठी शाळेचे मास्तर पुष्कळ होते, पण ‘वाणी ऐकावी तर त्यांची’ असं लोक तुमच्याविषयी म्हणत. श्रावणात आपल्या आळीत पोथी तुम्ही वाचायचात. ओटीवर बायका, पडवीत पुरुष, आणि पाऊस पत्र्यावर नाही तर छपराच्या नळ्यांवर पडत असायचा, तरी शेवटच्या माणसाला प्रत्येक अक्षर वेगळं ऐकू जायचं. मला संध्याकाळी समोर बसवून तुम्ही विचारत असा, जीभ कुठे टेकली सांग. त, थ, द, ध, न. मी दातांच्या मागे बोट दाखवायची. ‘म्हणून ती दंत्य,’ तुम्ही म्हणायचात, ‘दात नसते तर ही अक्षरं माणसाला सापडली नसती.’ तेव्हा हे बोलताना तुम्हाला किंवा मला त्यात काही खटकलं नाही.

पुढची काही वर्षं मी आता एकेक करून आठवते, तेव्हा सगळं किती उघड होतं याचं नवल वाटतं. रक्त येतं म्हणून तुम्ही हिरड्यांना पान लावायचंच सोडलंत, नुसते दातांचे माथे घासायचात. मग रक्त कमी दिसायला लागलं आणि आईला वाटलं सब्जा लागू पडला. फणसाच्या आठळ्या भाजल्या की तुमच्या वाटणीच्या आम्हा भावंडांना यायच्या. ओले काजू, उसाचे करवे, चुलीत भाजलेले सुके बांगडे, सगळं तुम्ही आमच्याकडे सरकवायचात आणि आम्ही ती माया समजून खात होतो. माया तर होतीच, पण भाकरी तुम्ही आमटीत भिजवून डाव्या बाजूनेच चावत होता, हे कुणी पाहिलं नाही. शेजारच्या काकू एकदा आईला म्हणाल्या की मास्तर वाळले हो, दात किती लांब दिसायला लागले. दात लांब झाले नव्हते. हिरड्या मागे सरकल्या होत्या.

आणि तो वास. त्याविषयी लिहिताना मला आजही संकोच वाटतो. पाटीवरचं गणित पाहायला तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकत असा. एक दिवस मी नकळत मान फिरवली. मी काही ठरवून केलं नव्हतं, मूल करतं तसं केलं. दुसऱ्या दिवसापासून पाटी तुम्ही हातात मागून घ्यायला लागलात आणि उपरण्याचं टोक तोंडाशी धरून बोलायला लागलात. आई तुमच्या खिशात लवंगा घालून ठेवायची. घरात एवढ्या गोष्टी बदलल्या आणि त्यांचं कारण कुणी उच्चारलं नाही. वयाने आणि मानाने मोठ्या माणसाला तुमच्या तोंडाला वास येतो हे कोण सांगणार? बायको सांगणार नाही, मुलं सांगणार नाहीत, शाळेतले सोबती तर नाहीच नाही. या रोगाचं अर्धं बळ त्या भिडेत आहे, असं मला आता वाटतं.

मग त्या श्रावणात पोथी वाचताना खाडीच्या पैलतीरच्या भाट्याहून येणाऱ्या म्हाताऱ्या आजी मध्येच म्हणाल्या, ‘मास्तर, ती ओवी परत वाचा हो. नीट लागली नाही.’ तुम्ही परत वाचलीत. त्यांनी मान हलवली, पण त्यांचे डोळे काही समजल्यासारखे दिसले नाहीत. पुढच्या वर्षी पोथी दुसऱ्या कुणी वाचली, तुमचा घसा बसला होता. निदान आम्ही सगळ्यांना तसं सांगितलं.

शाळेतली गोष्ट मला तुम्ही सांगितली नाहीत. मी ती स्वयंपाकघरात ऐकली. थंडीचे दिवस होते. मी चुलीसमोर तांदूळ निवडत बसले होते आणि तुम्ही शाळेतून आलात ते पगडीसुद्धा न उतरवता थेट आत. एरवी तुम्ही जेवणाखेरीज स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसा. आईने पाट दिला तो तुम्ही घेतला नाहीत. तुम्ही सांगत होता की आज शुद्धलेखन घातलं. पक्ष्यांचा थवा, वाटेत थांबलेला रथ, असं काहीतरी. पाट्या पाहिल्या तर निम्म्या वर्गाने ‘फवा’ लिहिलेलं, ‘रफ’ लिहिलेलं. तुम्ही त्यांना उभं केलंत. मग तुमच्या ध्यानात आलं की उभी राहिलेली सगळी हुशार मुलं आहेत. जे ऐकू येईल तेच लिहायचं, मनाचं घालायचं नाही, ही शिकवण तुमचीच. ज्यांनी ती पाळली तीच चुकली होती, आणि जी मुलं अंदाजाने लिहितात त्यांचं बरोबर आलं होतं.

आई म्हणाली, ‘मुलं टवाळ असतात.’

‘ती टवाळ नाहीत गो,’ तुम्ही म्हणालात. ‘मी तसंच म्हटलं.’

मग तुम्ही पाटावर बसलात. वरच्या पुढच्या दातांमधली फट कधीपासून वाढत होती, ते दात पुढे झुकले होते, जिभेला टेकायला जागा राहिली नव्हती. हे तुम्हाला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात जाऊन सांगितलंत की कालची चूक माझी होती, पाट्या पुसा. हे मला पुढे त्या वर्गातल्या एकाने सांगितलं, तो तेव्हा स्वतः आजोबा झाला होता. तो म्हणाला की मास्तरांनी चूक कबूल केलेली आम्ही त्याआधी पाहिली नव्हती, आणि आम्हाला त्याची फार भीती वाटली. हेडमास्तरांनी मग तुम्हाला हळूच सुचवलं की शाळा तपासणारे डेप्युटी यायच्या आत वाचन आणि शुद्धलेखन दुसऱ्या कुणाकडे द्यावं, तुम्ही गणित घ्यावं. तुम्ही हो म्हणून आलात. त्या महिन्यात तुम्ही घरात इतकं कमी बोललात की आई आम्हाला ‘अण्णा झोपलेत’ असं सांगायची, आणि तुम्ही ओटीवर जागे असायचात.

मे महिन्यात मामा आला. मुंबईला डॉक्टरी करणारा, आईचा धाकटा भाऊ. आगबोट बंदरात लांब उभी राहायची आणि पडावातून उतरून माणसं भिजल्या पायांनी घरी यायची, तसा तो आला. पंगतीत तो तुमच्या शेजारी होता. आंब्याची फोड तुम्ही दातांना न लावता चमच्याने खरवडून खाल्लीत. रत्नागिरीत आंबा चमच्याने खाणारा माणूस मामाने बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मागील दारी, ऊन चांगलं वर आल्यावर, त्याने तुम्हाला आ करायला सांगितलं.

‘माझे दात किडलेले नाहीत,’ तुम्ही म्हणालात. आवाजात चक्क राग होता.

‘दात चांगलेच आहेत, भावोजी. ते ज्यात उभे आहेत ते ढासळलंय.’

मला ते दृश्य असं दिसतं की तुम्ही विहिरीच्या कठड्यावर बसला आहात, मामा आईचा कुंकवाचा आरसा माझ्या हातात देतो आहे आणि ऊन तोंडात पडेल असा तो धरायला सांगतो आहे. मामा बोटाने तुमचा ओठ वर करतो. हिरडी पिकलेल्या रातांब्याच्या सालीसारखी काळपट लाल, फुगलेली, तुकतुकीत. तो तिच्यावर हलकेच दाबतो आणि दाताच्या कडेने पांढरा पू येतो. पुढचा एक दात तो नखाने ढकलतो आणि दात हलतो. मग तो मला म्हणतो, तू आपला ओठ वर कर आणि आरशात बघ. माझी हिरडी फिकट गुलाबी, दाताला घट्ट धरून बसलेली. ‘अशी असायला हवी,’ तो म्हणतो. ‘हिचा रंग लक्षात ठेव.’ त्या रोगाचं नाव त्याने सांगितलं ते मला ‘पायोरिया’ असं ऐकू आलं आणि मला ते एखाद्या परक्या बंदराचं नाव वाटलं.

त्याने तुम्हाला सगळं समजावून सांगितलं. पाणी तापवायच्या हंड्यात आतून थर धरतो तसा दाताच्या मुळाशी धरतो, त्याखाली घाण कुजते, हिरडी सुटते आणि मग आतलं हाड झिजतं. दुखत नाही, म्हणून माणूस थांबून राहतो. दुखायला लागतं तेव्हा दात हलायला लागलेला असतो. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि एकच विचारलंत, हे कधी कळायला हवं होतं?

‘पहिल्यांदा रक्त आलं तेव्हा,’ मामा म्हणाला.

तुम्ही त्या जांभ्या दगडाकडे पाहिलंत. मग मामाने आईला हाक मारली. ती तंबाखूची मिश्री लावायची, दात काळेभोर. तिने पदर तोंडावर घेतला आणि भावासमोरसुद्धा तोंड उघडीना. तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, ‘माझं गेलं. तुझं तरी बघू दे त्याला.’ तुम्ही तिच्याशी इतक्या मऊपणे बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. तिने पदर काढला. तिच्या हिरड्या सुजायला लागल्या होत्या, पण दात घट्ट होते. मामा म्हणाला, हिचं वाचेल.

तुम्ही मामाबरोबरच मुंबईला गेलात आणि पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने परत आलात. तोंडाला मफलर गुंडाळलेला होता, मे महिन्याच्या उकाड्यात. घरात येऊन तो काढलात तेव्हा गाल आत गेलेले, हनुवटी नाकाकडे आलेली. तुम्ही चाळिशीच्या आतबाहेर असाल, पण समोर उभे होते ते आजोबा. आई पाणी आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. जवळजवळ सगळे दात काढावे लागले होते. त्या काळी डॉक्टरांचं तसंच मत होतं, थोडा पू राहिला तर तो अंगभर पसरतो असं म्हणत. हिरड्या भरेपर्यंत कवळी बसणार नव्हती आणि पावसाळ्यात बोटी बंद. तो सबंध पावसाळा तुम्ही रजा घेऊन पेज आणि मऊ भात खात ओटीवर बसून काढलात. येणाराजाणारा हाक मारी, तुम्ही मान हलवत असा. पण वास गेला होता. एक दिवस मी पाटी घेऊन तुमच्या अगदी जवळ येऊन बसले, तुम्ही वाकून पाहिलंत, आणि मी मान फिरवली नाही हे तुम्ही पाहिलंत.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या आणि तुम्ही जाऊन कवळी घेऊन आलात. आमच्यासाठी आणलंत काय, तर दात घासायचे ब्रश. आपल्या आळीत तोपर्यंत कुणी पाहिले नव्हते. आईने एक हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, हे केस कशाचे? तुम्ही तत्काळ म्हणालात, घोड्याचे, डुकराचे नव्हेत. ते खरं होतं का, मला आजही ठाऊक नाही. तरी तिने ते घरात येऊ दिले नाहीत, मागच्या पडवीच्या कोनाड्यातच त्यांची जागा राहिली. मिश्री मात्र तिने सोडली. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, एकदा रडलीसुद्धा. तुम्ही रोज सकाळी तिच्या शेजारी बसून मीठ आणि राखुंडी बोटावर घेऊन आपल्या रिकाम्या हिरड्यांवर चोळत असा, तिला एकटीला वाटू नये म्हणून. ती म्हातारपणी चणे खात असे आणि कुणी नवल केलं तर लाजून हसायची. काळे पडलेले ते दात, पण शेवटपर्यंत तिचेच.

कवळी बसली म्हणजे वाणी परत आली असं आम्हाला वाटलं होतं. तसं झालं नाही. पहिल्या दिवशी तुम्ही माझं नाव घेतलंत आणि मला ते दुसऱ्या कुणाचं वाटलं. मग तुम्ही मला ओटीवर पाठमोरी बसवलंत, पाटी मांडीवर दिलीत आणि शब्द सांगायला लागलात. मी लिहून पाटी मागे करायची. तुम्ही काय म्हणणार हे मला माहीत असायचं, कारण तेच शब्द तुम्ही मला कधीतरी शिकवले होते. मी सगळं बरोबर लिहीत होते. चार ओळी झाल्यावर तुम्ही माझ्या हातातून पाटी घेतलीत.

‘तुला काय कळलं ते लिहू नकोस,’ तुम्ही म्हणालात. ‘काय ऐकू आलं ते लिही.’

तुम्ही मला रागावल्याचे प्रसंग पुष्कळ आहेत, पण हा वेगळा होता. या वेळी तुम्ही माझ्याकडून काहीतरी मागत होता. मी लिहिलं. ‘ताट’चं ‘टाट’ लिहिलं, ‘दार’चं ‘डार’ लिहिलं. तुम्ही पाटी पाहिलीत, पुसलीत आणि म्हणालात, पुन्हा. रोज संध्याकाळी असं चाललं. मोठं माणूस जीभ कुठे टेकवायची ते नव्याने शोधत होतं आणि मी पाठमोरी बसून ते ऐकत होते. आत आईच्या भांड्यांचा आवाज थांबायचा, म्हणजे तीही ऐकत असणार. कधी तुम्ही कवळी काढून पंच्यात गुंडाळून ठेवायचात आणि दारापुढच्या खळ्यात जाऊन उभे राहायचात, मग परत यायचात. दिवाळी झाली, हवेत गारवा आला, आणि एक दिवस पाटीवर एकही चूक नव्हती. तुम्ही विचारलंत, मनाचं घातलंस का? मी नाही म्हटलं. तुम्ही पाटी पुसली नाहीत, तशीच कोनाड्यात ठेवलीत.

शाळेत तुम्हाला तुमचं वाचन परत मिळालं. त्याहून अधिक म्हणजे तुम्ही दर शनिवारी मुलांना उन्हात ओळीने उभं करून ओठ वर करायला लावायला लागलात. रक्त येतं का, हिरडी सुजली का, दात घासताना कुणी एखादी जागा टाळतो का. पालकांची कुरकुर झाली की मास्तर पोरांच्या तोंडात बघतात, हे कसलं शिक्षण. राजिवड्याकडची एक बाई भांडायलाच आली होती. तुम्ही तिच्यासमोर आपली कवळी काढून तळहातावर धरलीत आणि म्हणालात, ‘मला कुणी सांगितलं नाही, बाई. मी यांना सांगतो.’ जाताना तिने विचारलं की आपल्या नवऱ्यालाही रक्त येतं, त्याला काय सांगू? घरी येऊन तुम्ही हे आईला सांगितलंत तेव्हा हसलात. किती दिवसांनी हसलात.

पोथी मात्र तुम्ही पुन्हा हातात घेतली नाहीत. लोकांनी दोनतीनदा आग्रह केला. मी कारण विचारलं तेव्हा म्हणालात, वर्गात चुकलो तर मुलं पाटीवर दाखवतात, पोथीत चुकलो तर लोक मला सांभाळून घेतील. सांभाळून घेतलेलं तुम्हाला नको होतं.

तुम्ही गेलात त्या दिवशी आजारपणात काढून ठेवलेली कवळी भटजींनी बाजूला ठेवा म्हटलं. आईने ऐकलं नाही. तिने ती धुतली आणि स्वतः तुमच्या तोंडात बसवली. ‘ते असे लोकांसमोर जायचे नाहीत,’ एवढंच म्हणाली. त्यानंतर सगळी आळी तुमच्याविषयी बोलत होती, आणि बोलत होती ती तुमच्या जुन्या वाणीविषयी, श्रावणातल्या त्या वाचनाविषयी. अजूनही एखादं जुनं माणूस भेटलं तर तेच काढतं.

मी पुष्कळदा डोळे मिटून तो आवाज आठवायचा प्रयत्न करते, अण्णा. पावसातही शेवटच्या माणसापर्यंत जाणारा, प्रत्येक अक्षर सुटं करणारा. तो मला आठवत नाही. तो तसा होता हे माहीत आहे, कानात मात्र नाही. येतो तो नंतरचा, थोडा जाड, ‘स’ किंचित लांबवणारा, शब्दाआधी क्षणभर थांबून जागा शोधणारा. तोच मला तुमचा वाटतो आणि तुम्ही गेल्याचं दुःख होतं ते त्याच आवाजासाठी. तो घालवायला तुम्ही इतकी मेहनत घेतलीत की हे तुमच्या तोंडावर मी कधी म्हटलं नसतं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच एवढं लिहायचा धीर झाला.